डांबरगोळी आणि गवताची टेकडी: सिॲटलचं गॅस वर्क्स पार्क

सहा महिन्यांसाठी मुलाबाळांकडे सिॲटलला आलेल्या आजी-आजोबांपुढे रोजचा प्रश्न असतो: दुपारी नातवंडाला घेऊन जायचं कुठे? माझं उत्तर तयार आहे. लेक युनियन तळ्याच्या उत्तर काठावर गॅस वर्क्स पार्क आहे, तिथे जा. एप्रिलपासून आम्ही आठवड्यातून तीन-तीनदा जातोय. नातू पाच वर्षांचा, मी सदुसष्टची, आणि दोघांचाही पाय तिथून निघत नाही. पण त्या जमिनीची हकीकत माहीत करून मगच जावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा अभिप्राय लांबला आहे. एकतीस वर्षं मी शाळेत विज्ञान शिकवलं, त्यात रसायनशास्त्र माझ्या विशेष जिव्हाळ्याचं. ती सवय इथे येऊनही सुटलेली नाही.

आधी उपयोगाचं सांगते. प्रवेशाला पैसे नाहीत. गाडी लावायला जागा आहे, पण ऊन पडलेल्या शनिवार-रविवारी ती लवकर भरते. बर्क-गिलमन नावाचा चालण्याचा आणि सायकलींचा रस्ता जुन्या रेल्वेमार्गावरून जातो, तो बागेच्या अगदी जवळून जातो. आम्ही बहुतेक वेळा त्या रस्त्याने चालतच येतो. बाग एकोणीस एकरांची. बागेत गवताची मोठी टेकडी आहे. वर जायला वळणावळणाची वाट आहे, माझे गुडघेही कुरकुर न करता चढतात, फक्त दोनदा थांबते. वर वारा कायम असतो, म्हणून तिचं नावच काइट हिल, पतंगांची टेकडी. तळ्यापलीकडे शहराच्या उंच इमारती, स्पेस नीडलचा मनोरा, आणि मधूनच पाण्यावरून धावत उडणारी छोटी विमानं. नातवाने आतापर्यंत मोजलेल्या विमानांचा आकडा रोज वाढतो.

टेकडीच्या माथ्यावर जमिनीत बसवलेलं सूर्यघड्याळ आहे. त्याला काटा नाही. आपण ठरलेल्या जागी उभं राहायचं, आपली सावली हाच काटा. पहिल्या दिवशी नातू तिथे ताठ उभा राहिला आणि त्याने विचारलं, "आजी, मी किती वाजलो?" मुलांना वेळ शिकवायला याहून चांगलं साधन मी एवढ्या वर्षांत शाळेतही पाहिलं नव्हतं.

खाली एका मोठ्या छपराखाली कारखान्याची जुनी यंत्रं तशीच ठेवली आहेत. गॅस ओढून दाबाखाली पुढे ढकलणारी ही अवजड यंत्रं भडक रंगांनी रंगवून मुलांना मोकळी करून दिली आहेत. चाकं, नळ्या, दांडे. आमच्याकडे ती आगगाडी असते, कधी जहाज. शेजारी 2018 मध्ये नव्याने बांधलेलं मुलांचं मैदान आहे. आणि त्यामागे, कुंपणाआड, गंजलेले उंच मनोरे उभे आहेत. तिथे जाता येत नाही. बघत मात्र कितीही वेळ बसता येतं, आणि मी बसते.

आता त्या मनोऱ्यांविषयी. 1906 पासून 1956 पर्यंत या जागेवर शहराला गॅस पुरवणारा कारखाना होता. सुरुवातीला दगडी कोळशापासून, 1937 पासून तेलापासून गॅस तयार करायचे. दिवे, शेगड्या, घरं गरम ठेवणं, सगळं त्यावर. कोळसा हवा न लागू देता तापवला की गॅस निघतो हे आपण शाळेत शिकलो आहोत. पण मागे काय उरतं याकडे पुस्तकात एका ओळीत बोळवण असते: डांबर. पन्नास वर्षं गॅस घरोघर गेला आणि डांबर, काजळी, तेल जमिनीत मुरत राहिलं. मग नळातून नैसर्गिक वायू आला, कारखाना बंद पडला.

या जागेच्या सफाईचे सरकारी कागद कोणालाही वाचता येतात. जावयाने ते मला शोधून दिले. दूषित पदार्थांची यादी वाचताना मी एका नावाशी थांबले: नॅप्थलीन. म्हणजे आपली डांबरगोळी. माझ्या बॅगेतल्या साड्यांना अजून तिचा वास आहे. दरवर्षी सातवी-आठवीच्या मुलांना मी संप्लवन दाखवायचे ते याच गोळीने, की घन पदार्थ वितळल्याशिवाय सरळ वायू कसा होतो. मराठीत आपण तिला डांबरगोळी म्हणतो, कारण ती खरोखरच डांबरातून काढली जायची. शब्दातच सगळं सांगून ठेवलं होतं आणि मी एवढी वर्षं ते नुसतं उच्चारत होते. त्या दिवशी मला ही जमीन एकदम ओळखीची वाटली.

इथे थोडा धडा घेते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नॅप्थलीनच्या रेणूत कार्बनचे दोन षटकोन, म्हणजे दोन कड्या, जोडलेल्या असतात. डांबरात तीन, चार, पाच कड्यांची त्याची भावंडंही असतात. बेंझोपायरीन हे पाच कड्यांचं, आणि ते कर्करोग करणारं म्हणून सिद्ध झालेलं आहे. मातीतले जिवाणू दोन-तीन कड्यांचे रेणू बऱ्यापैकी फस्त करतात. चार-पाच कड्यांच्या पुढे त्यांची गती फार मंदावते. हे रेणू पाण्यातही सहज विरघळत नाहीत, मातीच्या कणांना चिकटून बसतात. म्हणजे नुसतं गवतावर बसून ते अंगात सहसा शिरत नाहीत. मुख्य धोका असतो तो मातीत खेळून तोच हात तोंडात घालणाऱ्या मुलाला.

शहराने ही जागा 1962 मध्ये बागेसाठी विकत घ्यायचं ठरवलं, किंमत सुमारे 13 लाख डॉलर. नगरपरिषदेच्या सदस्य मर्टल एडवर्ड्स यांनी त्यासाठी जोर लावला होता. रिचर्ड हाग हे भूदृश्य-रचनाकार पुढे या कामावर आले आणि त्यांनी जे सुचवलं ते लोकांना सुरुवातीला पटेना: मनोरे पाडायचे नाहीत, आणि विषारी माती उचलून दुसऱ्याच्या दारात टाकायची नाही, जागेवरच बरी करायची. त्यांनी कारखान्याच्या जुन्या लोहारशाळेत आपलं कार्यालय थाटलं आणि लोकांना तिथेच बोलावून पटवलं. एडवर्ड्स यांचं तोवर अपघाती निधन झालं होतं. बागेला त्यांचं नाव द्यायचं घाटत होतं, पण गंजके मनोरे ठेवणार म्हटल्यावर कुटुंबाने नाव मागे घेतलं. त्यांच्या नावाची बाग आज याच शहरात समुद्रकाठी आहे. मला दोन्ही बाजू समजतात. पण माझा कौल मनोऱ्यांच्या बाजूने आहे, कारण ते पाडले असते तर इथे काय घडलं होतं हे पन्नास वर्षांनी कोणी विचारलंही नसतं.

मातीत सांडपाण्याचा गाळ आणि लाकडाचा भुसा मिसळून नांगरट केली, म्हणजे तेल खाणाऱ्या जिवाणूंना खुराक मिळाला. पायाचे दगड-विटा आणि राडारोडा एकत्र रचून त्यावर चांगली माती घातली, तीच ही पतंगांची टेकडी. 1975 मध्ये बाग रीतसर उघडली. हे सगळं तेव्हा फार नवं होतं. काम झालं असं सगळ्यांना वाटलं.

1984 मध्ये तपासणीत मातीत तेच बहुकड्यांचे रेणू आढळले आणि बाग काही महिने बंद ठेवावी लागली. दोन कड्यांचे रेणू जिवाणूंनी खाल्ले, पाच कड्यांचे राहिले. स्वच्छ मातीचा थर टाकून बाग पुन्हा उघडली. पुढे 2000 च्या आसपास आणखी एक काम हाती घेतलं. भूजलात बेंझिन हे विषारी रसायन होतं. त्यासाठी जमिनीखाली, पाण्याच्या पातळीच्याही खाली, हवा सोडायची. बुडबुड्यांबरोबर बेंझिन वर येतं, आणि वरून दुसऱ्या नळ्या ते शोषून घेतात. बेंझिन उडून जाणारं आहे म्हणून ही युक्ती चालते. डांबरावर ती चालत नाही. एकाच जमिनीत तीन रोग आणि तिघांची औषधं वेगळी.

माझ्या दृष्टीने या बागेचं सगळ्यात मोठं मोल इथे आहे. तीर्थाला एकदा जाऊन यावं तशी दूषित जमीन एकदा साफ करून होत नाही. ती अंथरुणावरच्या माणसासारखी असते, वर्षानुवर्षं करावं लागतं. आणि करणाऱ्याला दर महिन्याला पैसा लागतो.

तो पैसा येतो कुठून, हे शोधायला मला बरेच दिवस लागले, आणि जे सापडलं ते मला टेकडीइतकंच आवडलं. बाग बांधली ती 1968 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या ‘फॉरवर्ड थ्रस्ट’ नावाच्या कर्जरोख्यांच्या पैशातून. म्हणजे लोकांनी मत देऊन स्वतःवर भार घेतला. पण सफाईचा खर्च बांधकामासारखा संपत नाही. त्यासाठी वॉशिंग्टन राज्यातल्या मतदारांनी 1988 मध्ये स्वतःच पुढाकार घेऊन एक कायदा मंजूर केला, इनिशिएटिव्ह 97. त्याची गाभ्याची गोष्ट सोपी आहे: राज्यात जो कोणी घातक पदार्थ पहिल्यांदा आणतो किंवा बनवतो त्याच्याकडून घाऊक किमतीवर 0.7 टक्के कर घ्यायचा. शंभर डॉलरच्या मालावर सत्तर सेंट. पेट्रोलियमसाठी 2019 मध्ये हे बदलून बॅरलमागे 1 डॉलर 9 सेंट केलं, आणि पुढे महागाईप्रमाणे वाढण्याची सोय ठेवली. बॅरलमध्ये 42 गॅलन. भागाकार केला तर सुरुवातीच्या दराने गॅलनला अडीच सेंटांच्या जरा वर. एवढ्याशा पैशातून दूषित जागांचा तपास आणि देखरेख होते, आणि नगरपालिकांना सफाईसाठी अनुदानं मिळतात.

विष बाजारात येतानाच त्याच्या सफाईची वर्गणी कापून ठेवायची. मला यात फार मोठा शहाणपणा दिसतो. कारण कारखाना चालू असतो तेव्हा पैसा असतो आणि लक्ष नसतं. कारखाना बंद पडल्यावर लक्ष जातं, तेव्हा देणारा कोणी उरलेला नसतो.

केंद्राच्या पातळीवर याची उलट बाजूही दिसते. 1980 मध्ये अमेरिकेने सुपरफंड कायदा केला, रसायन आणि तेल उद्योगांवर कर बसवून सगळ्यात वाईट जागांसाठी निधी उभारला. 1995 च्या अखेरीस त्या कराची मुदत संपली आणि ती वाढवली गेली नाही. पुढची पंचवीसेक वर्षं हा भार मुख्यतः सर्वसाधारण करदात्यांनी उचलला. रसायनांवरचा कर 2021 च्या कायद्याने परत आला, तेलावरचा 2022 च्या. मधल्या काळात एखाद्या वस्तीत मूल जन्मून, शिकून, नोकरीलाही लागलं असेल. त्या मुलाच्या अंगणातल्या मातीने कोणाची वाट बघायची?

सगळ्याच जागा एवढ्या भयंकर नसतात. पडीक पेट्रोल पंप, जुनी धुलाईची दुकानं, बंद पडलेल्या गिरण्या आणि कारखाने, इथे त्यांना ब्राउनफील्ड म्हणतात. त्यांच्यासाठी 2002 चा वेगळा कायदा आहे, आणि 2021 च्या कायद्यात या कार्यक्रमाला दीड अब्ज डॉलर दिले गेले. त्यातली मला पटलेली गोष्ट म्हणजे नुसत्या तपासणीसाठीही अनुदान मिळतं. वरवर हे वायफळ वाटेल. पण विचार करा. जमिनीत काय आहे हे ठाऊक नसेल तर तिला कोणी हात लावत नाही, ना विकत घेणारा, ना कर्ज देणारी बँक. ती शहराच्या मध्यावर कुंपण घालून पडून राहते आणि शहर बाहेरच्या शेतांवर पसरत जातं. मातीचे नमुने काढून, प्रयोगशाळेत तपासून, हे आहे आणि हे नाही असं कागदावर आलं की अर्धी भीती जाते. कधी कधी निघतं की फारसं काही नव्हतंच. आमच्या विषयात पहिला नियम हाच: आधी परीक्षण, मग अनुमान.

गॅस वर्क्समधून आणखी एक धडा मिळतो, आणि तो जरा कडू आहे. इथल्या कायद्याप्रमाणे घाण करणारा तर जबाबदार असतोच, पण जमिनीचा आजचा मालकही जबाबदार असतो. शहराने बाग करायच्या चांगल्या हेतूने जागा घेतली आणि जागेबरोबर डांबरही घेतलं. म्हणून आज सफाईची जबाबदारी शहर आणि त्या गॅस कंपनीचा वारसा चालवणारी कंपनी अशी दोघांवर आहे, आणि देखरेख राज्याच्या पर्यावरण खात्याची. माझ्या मते हे कडक असलं तरी बरोबर आहे. जबाबदारी कागदावर कोणाच्या तरी नावे असल्याशिवाय 1984 नंतरचं काहीच घडलं नसतं.

आता पाण्याविषयी, कारण नातवंडं तुम्हाला हे विचारणारच. बागेला तिन्ही बाजूंनी तळं आहे. उन्हाळ्यात पाणी असं चमकतं की मोठ्यांनाही पाय बुडवावेसे वाटतात. आणि काठावर पाट्या आहेत: पोहू नका, पाण्यात उतरू नका. कारण तळाच्या गाळात तेच डांबर आहे. तळ्याच्या तळाच्या सफाईचा अभ्यास आणि आराखडे बरीच वर्षं चालू आहेत. गाळ काढणं, उरलेल्यावर स्वच्छ वाळूचा जाड थर घालणं, असे उपाय अशा ठिकाणी करतात. पाण्याखालची माती जमिनीवरच्या मातीहून कितीतरी अवघड, कारण हलवली की गढूळ होऊन पसरते.

नातवाने पहिल्यांदा विचारलं, "आजी, पाण्यात का नाही जायचं?" तेव्हा "बाळा, तिथे घाण आहे" एवढं सांगून मी त्याला ओढत नेऊ शकले असते. तसं केलं नाही. पाटीशी बसले आणि सांगितलं की खूप वर्षांपूर्वी लोकांना दिवे लावायला गॅस हवा होता, तो करताना काळं काळं उरलं, ते या पाण्यात खाली जाऊन बसलंय, आणि मोठी माणसं ते अजून काढतायत. त्याने विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, "तुझी आई जन्मायच्या आधीपासून." तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "मग त्यांना मोठा डबा लागेल."

म्हणूनच पाटी मला त्या बागेतली सगळ्यात प्रामाणिक वस्तू वाटते. मे महिन्यात एका खासगी सहलीचा मार्गदर्शक टेकडीवर पाहुण्यांना सांगत होता की इथे पूर्वी प्रदूषण होतं, आता सगळं साफ झालंय, निसर्गाने आपलं काम केलं. मला राहवलं नाही. मी त्याला थांबवून पाटी दाखवली. निसर्गाने काही केलं असेल तर दोन-तीन कड्यांपर्यंत. पुढचं काम कर भरणाऱ्यांनी, मत देणाऱ्यांनी आणि दर काही वर्षांनी जमिनीत नळ्या खुपसून नमुने काढणाऱ्या माणसांनी केलंय. त्यांचं श्रेय गवताला देऊन टाकणं मला सहन होत नाही. शिवाय "साफ झालं" असं एकदा ठरलं की पुढच्या वर्षी पैसे कापायला निमित्त मिळतं.

मला एवढंच हवं होतं की ही सगळी हकीकत, कड्यांच्या चित्रांसकट, मुलांच्या उंचीला मांडलेली एखादी मोठी भिंत त्या रंगीत यंत्रांशेजारी असावी. शिक्षिकेचा जीव, दुसरं काय.

तारे द्यायचे तर पाचपैकी चार. टेकडी, वारा, यंत्रं, सूर्यघड्याळ आणि काही न लपवणाऱ्या पाट्या यांचे चार. पाचवा पाण्याचा आहे, आणि तो पाणी मोकळं झाल्यावरच देईन.

जाताना सोबत पाण्याची बाटली, साबण आणि छोटा टॉवेल ठेवा. गवतावर खुशाल लोळू द्या, पण खाण्याआधी हात साबणाने धुवा आणि घरी आल्यावर बूट दाराबाहेरच काढा. उघडी काळी माती किंवा चिकट काही दिसलं तर मुलाला तिथे उकरू देऊ नका. वाऱ्यासाठी पातळ स्वेटर जूनमध्येही लागतो. पतंगाला लांब शेपूट लावा, नाहीतर टेकडीवर तो गोते खातो. सूर्यघड्याळासाठी सकाळी अकरापर्यंत या, तेव्हा सावली लांब असते आणि लहान मुलाचीही वेळ दाखवणाऱ्या खुणांच्या जवळ पोचते. आमची शेवटची फेरी येत्या गुरुवारी आहे. नातवाने त्यासाठी घरातला सगळ्यात मोठा डबा काढून ठेवलाय.